चावी उतरू देऊ नये

१

रहेमान घड्याळवाल्याचा एक नियम होता आणि छत्तीस वर्षांत त्यानं तो एकदाही मोडला नव्हता. यंत्र मनगटावरचं असो की भिंतीवरचं, उघडायच्या आधी त्याची चावी उतरवायची. म्हणजे आतल्या कमानीत, स्प्रिंगमध्ये, भरलेला ताण हळूहळू, एकेक घर सोडत, पूर्ण काढून टाकायचा आणि मगच पेचकस हातात घ्यायचा. भरलेली कमान सुटली तर बोट कापून नेते, हे त्याच्या बापानं त्याला आपली करंगळी दाखवून शिकवलं होतं. करंगळी अर्धीच होती. धडा पक्का बसला.

नेरच्या बसस्टँडसमोर त्याचं दुकान. आता घड्याळं दुरुस्त करतो कोण? मोबाइलमध्ये वेळ बघणारी माणसं. कोणी सेल बदलायला येई, कोणी पट्टा. दुकानाच्या मागे एक पडदा आणि पडद्यामागे खोली, आणि त्या खोलीत खिडकीशी लावलेल्या पलंगावर त्याची बायको शमसुन्निसा पडलेली असे. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि त्यासोबत बोलणंही गेलं. डोळे तेवढे फिरत, डावा हात थोडा हाले.

मार्च संपता संपता एका सकाळी वैष्णवी आली. जवळच्याच खेड्यातल्या सदाशिवरावांची नातसून. त्यांची कपाशी-तुरीची मोठी शेती. कारमधून उतरताना तिनं टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी लेकरासारखं दोन्ही हातांत धरलं होतं.

"चाचा, हे वाजली पायजे," काउंटरवर टॉवेल सोडत ती म्हणाली. "आमच्या नणंदेचा, नयनचा साखरपुडा हाय, दोन हप्त्यानं बुधवारी. स्टेजवर ठेवाची हाय."

आत एक पेटी होती. शिसवी लाकडाची, हातभर लांब, कोपऱ्यांना पितळ. चावी भरली की वाजणारी. रहेमाननं आयुष्यात अशा दोनच पाहिल्या होत्या, त्याही बापाच्या काळात.

"कोणाची हाय?"

"आजेसासूबाईची, विजयमालाबाईची. माहेरून आली होती. कोण्या राजानं आपल्या राणीसाठी विलायतेतून करून आणली होती म्हणतात. पाहा न, झाकणावर दोघं हायेतच."

झाकणावर मिनाकारीचं चित्र होतं, धुरानं काळवंडलेलं. राजा बैठकीवर बसलेला, पुढ्यात अशीच एक छोटी पेटी. राणी मागून वाकलेली आणि तिचा हात त्याच्या मनगटावर.

"जीव पाहा किती असंन एकमेकांवर," वैष्णवी म्हणाली. नव्या लग्नाची पोरगी, तिला असंच दिसणार.

"बंद कवा पडली?"

"दिवाळीत. आजोबाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं यवतमाळले. चावी तेच भरत होते, दिवसातून चार-पाच डाव. दुसऱ्या कोणाले हात लावू देत नव्हते. त्या दिवशी राहून गेली. अन् त्याच दुपारी आजी गेल्या."

रहेमाननं मान हलवली. दर तिसरं गिऱ्हाईक त्याला हेच सांगे, की बाबा गेले आणि भिंतीवरचं घड्याळही त्याच मिनिटाला थांबलं. तो प्रत्येकाला "हौ, होते असं" म्हणे आणि मग आतलं वाळलेलं तेल पुसून घड्याळ चालू करून देई.

२

पेटी उघडायच्या आधी त्यानं नियमाप्रमाणे चावीला हात घातला. उतरवायला काहीच नव्हतं, कमान पार ढिली पडलेली.

आत पितळी रूळ होता, त्यावर हजारो बारीक खिळे. रूळ फिरला की खिळे पोलादी फणीच्या दातांना छेडत जात आणि त्यातून सूर निघत. फणीचे दात बहात्तर, त्यातले अकरा तुटलेले. डोळ्याला भिंग लावून त्यानं तुटलेल्या जागा पाहिल्या आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. म्हातारं पोलाद तुटतं तेव्हा वेडंवाकडं तुटतं. इथं प्रत्येक दाताच्या मुळाशी पकडीनं चिमटल्याची खूण होती.

"कोण हलकट होता हा?" तो स्वतःशीच म्हणाला. यंत्रावर हात टाकणाऱ्याचा त्याला मनापासून राग येई.

घड्याळवाल्यांची एक रीत असते. काम पुरं झालं की मिस्तरी आतल्या बाजूला, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा जागी, सुईनं आपली खूण कोरतो. नाव, साल आणि काय केलं ते. पुढच्या मिस्तरीला उपयोगी पडतं. या पेटीच्या तळपत्र्यावर अशा तीन खुणा होत्या. एक मोडीत, ती त्याला वाचता आली नाही. दुसरी इंग्रजीत होती, साल एकोणीसशे अकरा, दात चौदा बसवले. तिसरी उर्दूत, अठ्ठावन्न सालची, अमरावतीच्या कोणा मिस्तरीची. दात नऊ बसवले. त्याखाली एक ओळ जास्तीची होती: चावी उतरू देऊ नये.

रहेमानला हसू आलं. असला सल्ला धंद्यातल्या कोणी द्यावा? सगळी दुनिया म्हणते उतरवा, आणि हे हजरत म्हणतात उतरू देऊ नका. अक्षर मात्र वाईट होतं. घाईत किंवा थरथरत्या हातानं कोरल्यासारखं.

सहा दिवसांत त्यानं दहा दात बसवले. पोलादाची पट्टी कापायची, घासायची, डाग देऊन फणीला जोडायची, मग कानाशी धरून सूर लावायचा. डोळे पाण्यानं भरून येत, पण बरं वाटत होतं. कितीतरी वर्षांनी हाताला हातासारखं काम मिळालं होतं. अकराव्या दाताला पट्टी पुरली नाही. ती अमरावतीहून यायची होती. तोवर बाकीचं जमलं की नाही पाहावं म्हणून रविवारी दुपारी त्यानं पहिल्यांदा पुरी चावी भरली.

३

बाहेर ऊन मी म्हणत होतं. शटर अर्धं ओढलेलं. पेटी वाजायला लागली.

चाल अडीच मिनिटांची होती, कुठल्याशा विलायती नाचाची, झुलत झुलत जाणारी. एका दाताची जागा रिकामी होती, म्हणून चालीत सात ठिकाणी खड्डा पडत होता. बाकी दहाही दात सुरात होते. रहेमान खूश होऊन मान डोलवत बसला.

चाल संपली आणि रूळ पुन्हा पहिल्यापासून फिरू लागला. पहिला खड्डा आला आणि तो भरलेला होता.

त्यानं मान डोलवायची थांबवली. दुसरा खड्डा आला, तोही भरलेला. बरोबर त्या जागी, त्याच उंचीचा एक सूर. पण तो पेटीतून येत नव्हता. तो पडद्यामागून येत होता.

  पडदा सारून तो आत गेला. शमसुन्निसा छताकडे बघत होती. दुकानात पेटी वाजत होती. तिसरा खड्डा आला तसं तिचं तोंड उघडलं, आतून सूर आला, स्वच्छ, गोल, आणि तोंड मिटलं.

"शम्मो," तो म्हणाला आणि पलंगाची पट्टी धरून खालीच बसला.

दोन वर्षं. दोन वर्षांत तिच्या गळ्यातून घरघरीशिवाय काही निघालं नव्हतं. आणि ज्या सकाळी तिला लकवा मारला त्या सकाळची गोष्ट त्यानं कोणाला सांगितली नव्हती, लेकीलाही नाही. त्या सकाळी ती पडद्यापाशी आली होती. "अजी सुनो," म्हणाली होती. त्याच्या डोळ्याला भिंग, चिमट्यात एक बारीक चक्र. त्यानं मान वर न करता म्हटलं होतं, "ठैर जरा, हाथ में काम है." दोन मिनिटांनी भिंग काढलं तोवर ती खाली पडली होती. तिला काय सांगायचं होतं? डोकं दुखतंय म्हणायचं होतं, की चहा घेता का म्हणून विचारायचं होतं? दोन वर्षं तो ह्याच एका गोष्टीवर झोपत होता आणि हिच्यावरच उठत होता.

आणि हा आवाज तिचाच होता. पैजेवर सांगितलं असतं त्यानं. दारव्ह्याला मामेभावाच्या लग्नात पडद्याच्या पलीकडे बायका ढोलकीवर गात होत्या. त्यातला एक आवाज ऐकून त्यानं चेहरा न बघताच घरी सांगितलं होतं, हीच. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आता आलेला सूर त्याच एकोणीस वर्षांच्या गळ्यातला होता.

रहेमान पलंगाच्या पट्टीवर डोकं टेकून हमसून हमसून रडला. बाहेर कमान उतरत गेली, चाल मंदावली, थांबली. तीही थांबली.

४

त्याचं डोकं हिशोबी होतं. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलेलं त्याला आठवलं. लकव्यात बोलणं जातं पण कधीकधी गाणं राहतं, ते मेंदूच्या दुसऱ्या भागात असतं म्हणे. म्हणजे यात चमत्कार काही नाही. चाल ऐकली, खड्डा जाणवला, गळ्यानं आपसूक भरला. गाणारणीचा गळा तो. हेच, आणि दुसरं काही नाही.

सोमवारी अमरावतीहून पट्टी आली. त्यानं पाकीट फोडलं नाही.

दिवसभर तो विचार करत होता. अकरावा दात बसला की चाल पुरी होणार. चाल पुरी झाली की खड्डा नाही. खड्डा नाही तर शम्मोला गायला जागा कुठं? चार वाजता त्यानं ड्रॉवरमधून पकड काढली. आपण बसवलेल्या दहांतला एक दात मुळाशी धरला आणि मोडला. टक्क असा आवाज झाला. गिऱ्हाइकाच्या चीजेवर त्यानं आयुष्यात ओरखडा येऊ दिला नव्हता. पण हा दात माझाच आहे, तो मनाशी म्हणाला. मीच बसवला, पुन्हा मीच बसवीन.

चावी भरली. शमसुन्निसानं दोन्ही सूर दिले.

मंगळवारी त्यानं पेटी पलंगाजवळच्या स्टुलावर आणून ठेवली आणि आणखी दोन मोडले. बुधवारी तीन. प्रत्येक दातासोबत तिचा आवाज वाढत होता, आता सुरांना सूर जोडून ओळी व्हायला लागल्या होत्या. गालांवर रंग आला होता. ओळी जुळल्या की एक दिवस शब्द येतील, आणि शब्द आले की ती सांगेल. त्या सकाळचं सांगेल. गुरुवारी संध्याकाळपर्यंत त्यानं आपले उरलेले चारही मोडून टाकले.

पकडीच्या खुणा आता मुळाशी तशाच दिसत होत्या, जशा पेटी आली तेव्हा होत्या. भिंगातून त्या त्यानं एकदा पाहिल्या. भिंग त्यानं काढून ठेवलं.

५

शुक्रवारी सकाळी सुखीबाई आली. ती रोज शमसुन्निसाला आंघोळ घालायला येई. पाणी तापवून आत गेली आणि लगेच बाहेर आली.

"भाऊ, बाईचे हातपाय थंडेगार पडले. बर्फच. डाक्टरले दाखवा एक डाव."

रहेमान आत गेला. खरंच हात थंड होते आणि श्वास उथळ चालला होता. त्यानं पेटीकडे पाहिलं. तिला थांबवायचा खटका झिजलेला होता, लावला तरी घसरायचा आणि पेटी आपोआप चालू व्हायची. पहाटे कधीतरी तशीच घसरून वाजत गेली असणार, कारण कमान जवळजवळ उतरलेली होती. कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं, पण डॉक्टरला फोन लावायच्या आधी त्यानं चावी भरली.

पाच मिनिटांत तिचा हात ऊन झाला.

"बरी हाय आता," तो सुखीबाईला म्हणाला.  आंघोळ घालताना सुखीबाई पेटीकडे पाठ करून बसली नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

दुपारी त्यानं रुबीनाला, दारव्ह्यात दिलेल्या लेकीला, फोन लावला आणि काही न सांगता मोबाइल पलंगापाशी धरला. चाल एकदा पुरी होऊ दिली.

"अब्बा, कौन गा रहा है?"

"तेरी अम्मी."

 रुबीना रडेल असं त्याला वाटलं. पण आवाज आला तो कोरडा होता.

"अब्बा, ये अम्मी नहीं है. अम्मी का गला भारी था."

"तू पैदा होने के पहले का गला है ये. तूने नहीं सुना."

"ठीक है," ती म्हणाली. "फिर ये बताओ, ये साँस कब लेती है?"

रहेमाननं फोन ठेवला आणि पुन्हा चावी भरली. तिच्या ओठांशी कान नेऊन ऐकलं. एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी. सूर येत होते, छाती मात्र आपल्या संथ चालीनं वेगळीच हलत होती. सुरांचा आणि छातीचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तो झटकन मागे सरला. मग तो स्वतःवरच चिडला. गाणारणींना दम चोरायची सवय असते, हे या पोरीला काय ठाऊक?

त्या संध्याकाळी त्यानं पहिल्यांदा फणीच्या जुन्या दाताला पकड लावली. विलायतेत कोणा कारागिरानं घडवलेला, पुन्हा कुणाला तसा करता न येणारा दात. तो मोडताना मात्र त्याला काहीच वाटलं नाही.

६

शनिवारी आणि रविवारी मिळून त्यानं एकोणीस जुने दात मोडले. पेटीत आता चालीपेक्षा खड्डेच जास्त होते आणि शमसुन्निसा जवळजवळ सबंध चाल गात होती. खटका घसरून पेटी केव्हाही सुरू होई आणि ती तिच्यासोबत. रहेमान उठून चावी भरी. दुकानाचं शटर त्यानं दोन दिवस उघडलंच नव्हतं.

शब्द मात्र येत नव्हते. "बोल न शम्मो," तो म्हणे. "उस दिन क्या बोल रही थी?" ती छताकडे बघे. कधी तिचे डोळे त्याच्याकडे वळत आणि तिथंच खिळत. त्या डोळ्यांत पाणी असे. खुशीचं पाणी, तो समजे.

सोमवारी अकराच्या सुमाराला वैष्णवीचा फोन आला.

"चाचा, झाली का पेटी? परवा साखरपुडा हाय."

"होऊन राह्यली, पोरी. थोडंसं राह्यलं." खोटं बोलायची सवय नव्हती, जीभ अडखळली.

"बरं, थांबा, आजोबाले बोलाचं हाय तुमच्याशी. दिवाळीपासून कोणाशी धड बोलून नाही राह्यले, आज तुमचं नाव आयकलं तं फोनच मागून राह्यले."

पलीकडे खाकरल्याचा आवाज झाला. सदाशिवराव पंचाऐंशीचे असतील. आवाज मात्र खणखणीत होता.

"रहेमान मिस्तरी."

"जी, मालक."

"किती तोडले?"

  चोर रंगेहाथ सापडावा तसा रहेमान पलंगापाशी उभा होता आणि त्याच्यासमोर, स्टुलावर पेटीच्या बाजूला, तीस दातांचे तुकडे बशीत पडले होते.

"म्या अकरा तोडले होते," सदाशिवराव म्हणाले. "विजयमालाचंही बोलणं गेलं होतं. ते वापस आलं नाही. मिस्तरी, आयक माहं, त्याची चावी..."

रहेमाननं फोन कापला. लाजेनं त्याचे कान तापले होते. फोन पुन्हा वाजला, त्यानं तो बंद करून गादीखाली सारला.

७

बस झालं, त्यानं ठरवलं. या वयात अमानत मोडली. लोकांना काय सांगायचं, अल्लाला काय सांगायचं? परवापर्यंत सगळे दात बसणं शक्य नव्हतं, पण बसतील तेवढे बसवायचे आणि वैष्णवीच्या पायाशी डोकं ठेवून सांगायचं, बेटी, महिनाभर दे. शम्मो गाणार नाही. न का गाईना. दोन वर्षं तशीही गात नव्हती.

हात धुऊन आला. पट्टी, कानस, डाग द्यायची कांडी, सगळं मांडलं. सवयीनं भोकात चावी घातली, अंगठ्यानं कुत्रं मागे ओढलं, म्हणजे कमानीला अडवून धरणारा तो छोटा खिट्टा, आणि चावी उतरवायला सुरुवात केली. एक घर सोडायचं, थांबायचं, दुसरं सोडायचं. छत्तीस वर्षं केलेलं काम. डोळे मिटूनही केलं असतं.

कट्ट. कट्ट. कट्ट.

दहाबारा घरं सोडली असतील आणि त्याला वाटलं, खोली फार शांत झालीय. खिडकीबाहेर एस.टी.चा हॉर्न ऐकू आला, फळवाल्याची हाक आली. मग काय कमी झालं होतं? त्यानं आणखी एक घर सोडलं आणि त्याच्या ध्यानात आलं. पाठीमागं पलंगावरच्या श्वासाचा आवाज एका घरानं खाली उतरला होता.

त्यानं अंगठा तसाच धरून वळून पाहिलं. शमसुन्निसाचे ओठ निळसर झाले होते. छाती वर झाली, खाली गेली, आणि वर यायला तिनं फार वेळ घेतला.

योगायोग, त्याचं डोकं म्हणालं. उन्हाळा आहे, पंख्याखाली आहे, काल जेवण नीट गेलं नाही. आणि डोकं हे म्हणत असतानाच घामेजल्या अंगठ्याखालून कुत्रं निसटलं.

कट्ट, कट्ट, कट्ट, कट्ट. चावी त्याच्या बोटांत गरगर फिरली. पलंगावर तिचा श्वास तुकड्यातुकड्यानं बाहेर पडला, प्रत्येक कट्टसोबत एक तुकडा, आणि शेवटच्या घरानंतर पुन्हा आत गेलाच नाही. तोंड अर्धवट उघडं राहिलं, डोळे उघडे.

 रहेमानच्या डोळ्यांपुढं सगळं पांढरं झालं होतं. आणि त्या पांढऱ्यात त्याला उर्दूतलं ते वाईट अक्षर लख्ख दिसलं. थरथरत्या हातानं का कोरलं होतं ते त्याला आता कोणी सांगायला नको होतं. दिवाळीतली ती दुपार दिसली. यवतमाळला डोळ्यावर पट्टी बांधून पडलेला म्हातारा, आणि इकडं घरात कोणीच हात न लावलेली पेटी.

त्यानं दोन्ही हातांनी चावी धरली आणि पिळायला सुरुवात केली.

८

सात वेढे झाले तरी काही नाही. अकराव्या वेढ्याला तिच्या नाकपुड्या हलल्या. पंधराव्याला छाती एवढी जोरात वर आली की पलंग कुरकुरला. रहेमान रडत होता, हसत होता आणि पिळत होता. खटका घसरला आणि पेटी सुरू झाली, उरल्यासुरल्या दातांवर, मधे मधे ठणठणत. पण या वेळी खड्डे कोणी भरले नाहीत. ते रिकामेच गेले.

त्याच्या मनगटावर काहीतरी पडलं.

तिचा डावा हात होता. चमचाही धरता येत नव्हता त्या हाताला. आता त्या थंड बोटांनी त्याचं मनगट आवळून धरलं होतं, आणि ती डोकं उशीवरून उचलून त्याच्याकडे वाकली होती, एवढी की तिचे मोकळे केस त्याच्या खांद्याला लागत होते. त्याची नजर झाकणावर गेली. राजा बसलेला, पुढ्यात पेटी. राणी मागून वाकलेली. धुराची काजळी पुसायचं त्याच्याकडून राहून गेलं होतं, पण आता पुसायची गरज नव्हती. राजाचा हात चावीवर होता. आणि राणीनं त्याच्या मनगटावर हात ठेवला नव्हता, ते आवळून धरलं होतं.

"अजी," शमसुन्निसा म्हणाली.

आवाज भारी होता. घोगरा, चोपन्न वर्षांचा, मधे दम घेणारा. रुबीना म्हणाली होती तसा. हा आवाज ऐकल्यावर त्याला कळलं की इतके दिवस त्या खोलीत जे गात होतं ते कोणी दुसरंच होतं.

"अजी, सुनो." तिनं श्वास घेतला. "बस करो."

बाहेर गाडी थांबली. शटरवर काठीचे टोले पडले.

"चाचा?" वैष्णवीचा आवाज आला. "चाचा, दार उघडा न. आजोबा आयकूनच नाही राह्यले, घेऊन आली त्यायले."

"मिस्तरी." तो दुसरा आवाज शटरच्या फटीपाशी होता, म्हातारा गुडघ्यावर वाकून बोलत असावा. "तुही बायको काय म्हणते ते आयक. विजयमाला मनगट धरून सांगत होती, म्या नाही आयकलं. तू आयक."

पेटी मंदावत चालली होती. मनगटावरची बोटं आणखी घट्ट झाली. तिच्या डोळ्यांत तेच पाणी होतं, इतके दिवस त्यानं खुशीचं समजलेलं.

रहेमाननं मोकळ्या हातानं ड्रॉवर ओढला, सुई काढली. तळपत्र्यावर, तिसऱ्या खुणेच्या खाली, त्यानं आपलं नाव कोरलं, गाव कोरलं, साल कोरलं. दातांचा आकडा लिहायला त्याला धीर झाला नाही. त्याखाली ती ओळ लिहिली, वर होती तशीच. हात इतका कापत होता की अक्षर अगदी वाईट आलं.

"बस करो जी," ती पुन्हा म्हणाली.

"ठैर जरा," मान वर न करता तो म्हणाला. "हाथ में काम है."

आणि त्यानं चावी भरायला घेतली.